'खराब' लिहिलेली कॅसेट

दिवाळी उलटली की आमच्या पांढरकवड्याच्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागतो. कापसाच्या गाड्या जातात, काट्यांना पुंजके अडकतात, आणि बाहेरगावचे लोक मोटारी थांबवून त्याचे फोटो काढतात. काढोत बापडे. मला मात्र ती पांढरी बाभूळ दिसली की डोकं फिरतं. हंगाम आला, म्हणजे आता रांगा आल्या, भाव पडल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यांच्यामागून तो एक आवाज माझ्या कानात सुरू होणार. बैलगाड्या जाऊन ट्रॅक्टर आले, कॅसेटी जाऊन मोबाइल आले, तो आवाज काही जायचं नाव घेत नाही.

यंदा त्यात भर म्हणून पुण्याहून एका पोराचा फोन आला. आपल्याकडच्या जुन्या रॉक बँडांची कुठंच न निघालेली, प्रत्यक्ष कार्यक्रमातली रेकॉर्डिंग तो गोळा करतो. गोड पोरगा. बोलायला लागला की थांबत नाही. टिन लँटर्न्स या बँडची एकुलती एक लाइव्ह कॅसेट आमच्याकडे आहे, हे त्याला कुठून तरी कळलं होतं. आहे, म्हटलं, पण तिच्यावर आता गाणी नाहीत. एका माणसाचं निवेदन आहे, पुन्हापुन्हा, आणि शेवटी थोड्या टाळ्या. पोरगा म्हणाला, "काही हरकत नाही काका. ते निवेदन कापता येतं हल्ली. मला नुसत्या टाळ्या पाठवा." कळवतो म्हणालो आणि फोन ठेवला.

हा नाद मला लावला माझ्या मामानं. मामा वणीला कोळसा खाणीच्या ऑफिसर लोकांच्या क्लबात इलेक्ट्रिशियन होता. तिथं येणाऱ्या तऱ्हेतऱ्हेच्या साहेबांनी मागं सोडलेल्या रेकॉर्डी तो घरी आणायचा. आमच्या घरात ते संगीत म्हणजे रोजची करमणूक होती. गाणारा किंचाळायला लागला की माझी आई भाकरी थापताथापता विचारायची, "काय दुखून राह्यलं रे त्याचं?" बाबा तर सरळ बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे. मला मात्र त्या आरडाओरड्यात आपलं माणूस सापडल्यासारखं वाटायचं. का, ते विचारू नका. कपाशीच्या पऱ्हाटीत, शेताच्या धुऱ्यावर उभं राहून परक्या देशातल्या पोरांचं किंचाळणं आवडायला काही कारण लागत नाही.

पुढं रेकॉर्डींवर भागेना. रेकॉर्डवर बँड कसा अंघोळ करून, भांग पाडून येतो. खरा बँड लाइव्हमध्ये. तार उतरलेली असते, गाणारा ओळ विसरतो, कोणाची तरी बाटली पडते, मागं कोणी खोकतं, आणि अशात मधेच एखादं मिनिट असं येतं की अंगावर काटा. अशा चोरून केलेल्या रेकॉर्डिंगांचे शौकीन तेव्हा गावोगाव होते. शिलाँगला, बंगलोरला, मुंबईला. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही, पोस्टानं कॅसेटी मात्र जात-येत. विकायची नाही, बदली द्यायची, हा पहिला नियम. आणि दुसरा नियम, रेकॉर्डिंग झालं की कॅसेटच्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन छोट्या टिकल्या तोडायच्या. त्या तुटल्या की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. जे आहे ते जन्माचं.

आम्ही म्हणजे मी आणि जब्बारभाई. जब्बारभाईचं बसस्टँडच्या मागं दुकान होतं. लग्नाला, उरुसाला, गणपतीला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. मी माझा बिघडलेला टेप घेऊन गेलो, त्यात अडकलेली कॅसेट त्यानं काढून ऐकली आणि म्हणाला, "ये कौन है भाई, इतना दर्द में?" झालं. शुक्रवारी नमाजनंतर तो दुकानाचं एक फळकूट लावून घ्यायचा आणि आम्ही दुपारभर ऐकत बसायचो. त्याला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं आणि मला कळूनही काही फरक पडत नव्हता.

आमच्या सगळ्या खजिन्यात मोलाची ती एकच. टिन लँटर्न्सची. नागपूरच्या कॉलेजातल्या चार पोरांचा बँड, वणीच्या त्या क्लबात एकदाच वाजवून गेला आणि नंतर मोडला. त्यांची रेकॉर्ड कधी निघालीच नाही. मामानं स्टेजखाली टेपरेकॉर्डर ठेवून ते चोरून भरून घेतलं होतं. एकच बाजू भरलेली, दुसरीवर मामाचं "हॅलो, हॅलो, चेक" आणि खोकला. त्या पोरांत गिटारवाला होता बॉबी. निवेदक त्याला "अवर ओन बॉबी" म्हणतो, तेवढंच नाव. शेवटच्या गाण्यात हा बॉबी गिटार अशी काही रडवतो की जब्बारभाई दर वेळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा. मग टाळ्या. टाळ्यांत कोणा एकाची शिट्टी, लांबलचक, शेवटी थोडी फाटणारी. तिच्यासकट आम्हाला ते सगळं पाठ होतं.

आमचा बेत ठरलेला होता. बॉबी कुठंही असो, त्याला शोधायचं, दुकानातल्या गादीच्या खुर्चीत बसवायचं आणि त्याचं त्याला ऐकवायचं. नागपूरच्या वाद्यांच्या दुकानांत विचारून झालं, मुंबईच्या शौकिनांना लिहून झालं. पत्ता नाही. जब्बारभाई त्या खुर्चीत गिऱ्हाइकाला बसू द्यायचा नाही. म्हणायचा, "वो बॉबी की है."

आता तुम्ही विचाराल, इतकी मोलाची तर दुसरी कॉपी का नाही केली? पुण्याच्या पोरानंही हेच विचारलं. अहो, कॉपी केली की ती फिरते. फिरली की ती जगात एकुलती एक राहत नाही. शौकीन माणसाचा हा आजार ज्याला नाही त्याला तो समजावता येत नाही. मूळ कॅसेटला ओरखडासुद्धा काढायचा नाही, म्हणून हिच्या टिकल्याही जब्बारभाईनं तोडल्या नव्हत्या. मामानं दिली तशीच ठेवायची, हा हट्ट. आणि वर त्याची एक खास युक्ती. दुकानात येणारे जाणारे "हे काय आहे, दोन दिवस नेतो" म्हणून कॅसेटी उचलायचे. म्हणून जी जितकी अनमोल, तिच्यावर तो मोठ्या अक्षरांत 'खराब' लिहायचा. खराब कॅसेट कोण मागेल? लंगडी वाटली तरी युक्ती चालत होती. या कॅसेटवर तर त्यानं 'खराब'च्या खाली दोन रेघा मारल्या होत्या.

आणि मग ती वर्षं आली. कपाशीची वाईट वर्षं. पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव रोज यायला लागलं, आणि कशासाठी यायचं ते सांगायची गरज नाही. मुंबई-दिल्लीचे कॅमेरेवाले यायचे, कोणाच्या तरी दारात उभं राहून हळू आवाजात बोलायचे आणि संध्याकाळच्या आत नागपूर गाठायचे. आमच्या केळापूरच्या शेतात मात्र त्या वर्षी कापूस बरा होता. खोटं कशाला बोलू, छानच होता. वेचणीच्या आधी, सीतादहीच्या दिवशी बायकोनं पहिल्या बोंडावर दही शिंपडलं तेव्हा ती हसत होती. घरात खोलीभर कापसाची गंजी लागली. सगळ्यांच्या अंगाला खाज, डोळ्यांत तूस, पोरं कापसावरच झोपायची. त्या खाजेतसुद्धा आम्हाला बरं वाटत होतं, इतके आम्ही भोळे.

खरेदी केंद्रावर गाडी लावली तर पुढं गाड्याच गाड्या. दिवसामागून दिवस जागचं हलायचं नाव नाही. बैलांचा कडबा संपला, बिड्या संपल्या, शिव्यासुद्धा त्याच त्याच द्यायचा कंटाळा आला. माझ्या पुढची गाडी रामधन राठोडची. तांड्यावरचा माणूस, तोंडाचा फटकळ, पण भाकर खाताना पहिला तुकडा मला द्यायचा. अधूनमधून मालाची प्रत ठरवणारे ग्रेडर साहेब रांगेतून चक्कर मारायचे. उंच, शिडशिडीत, केस मागं वळवलेले. गाडीत हात घालून चिमूटभर कापूस काढायचे, दोन्ही हातांच्या बोटांत धरून धागा ओढायचे, आणि तोंडाकडे न बघता सांगायचे, ओल आहे, धागा आखूड आहे, पिवळट आहे. माझ्या कापसाला ते म्हणाले, "खराब."

"साहेब, ऊन तरी पाहा त्याच्यावर पडलेलं! खराब काहून?" मी म्हटलं.

"मी रोज हेच काम करतो," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा बोलायला लागला. "शेतकरी बंधूंना कळवण्यात येते की, खराब प्रतीचा माल येत असल्यामुळे आज खरेदी बंद राहील. कृपया गाड्या परत न्याव्यात." साहेबांचाच आवाज. शांत, स्वच्छ, शब्दाला शब्द नीट लावलेला. ते संपलं की पुन्हा तेच. पुन्हा तेच. कारण काय तर गोदामात जागा नव्हती. ते सगळ्यांनाच माहीत होतं. पण जागा नाही म्हटलं की दोष त्यांच्या पदरात, आणि माल खराब म्हटलं की आमच्या. एकदा बोलून भागेना म्हणून टेपवर भरून लावलं होतं. माणसाशी भांडता तरी येतं हो. भोंग्याशी काय भांडणार?

अर्धा तास आम्ही ते ऐकलं. आणि मग खरेदी बंद राहील, गाड्या परत न्याव्यात, याच्या मागोमाग भोंग्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला.

रांगेतली सगळी तोंडं भोंग्याकडे वळली. बैलांच्या गळ्यातल्या घंट्या तेवढ्या वाजत राहिल्या. रामधन गाडीवर उभा राहिला आणि ओरडला, "टाळ्या कोण वाजवून राह्यलं बे? आमी मरून राह्यलो अन् तुमी टाळ्या वाजवता?" मग जो गोंधळ झाला तो झाला. लोकांना वाटलं, आत बसून आपली थट्टा चालली आहे. ढेकळं उचलली गेली, भोंग्यावर खणाखण बसायला लागली. मला काही उचलता आलं नाही. कारण टाळ्यांमध्ये मी ती शिट्टी ऐकली होती. लांबलचक, शेवटी थोडी फाटणारी. सगळ्या रांगेत मी एकटाच होतो ज्याला माहीत होतं की या टाळ्या कोणासाठी वाजल्या होत्या. कोणाला सांगू? रामधनला सांगू, की बापा, ह्या टाळ्या आपल्यावर नाहीत, बॉबीसाठी आहेत?

गाडी रामधनच्या हवाली केली आणि दुकानाकडे पळालो. जब्बारभाई भाचीच्या लग्नासाठी आदिलाबादला गेला होता, तो त्याच दुपारी परतला होता. त्याच्या माघारी दुकान त्याचा धाकटा भाऊ लतीफ पाहत होता. केंद्राचा माणूस भोंगा, माइक आणि टेपरेकॉर्डर भाड्यानं न्यायला आला, वर भरायला एखादी कॅसेट दे म्हणाला. लतीफ सरळ मनाचा. चांगली कॅसेट कशाला वाया घालवायची म्हणून त्यानं शोधून 'खराब' लिहिलेली दिली. त्यातही दोन रेघा मारलेली, म्हणजे सगळ्यात खराब. साहेबांनी तीच तीच सूचना वाचत बाजू भरत आणली, आणि शेवटच्या थोड्या टाळ्या काय त्या वाचल्या.

मला वाटलं, जब्बारभाई लतीफला फाडून खाईल. तो नुसता म्हणाला, "तूने तो पढ़के ही दिया ना, बेटा." मग स्पिरिट आणि कापसाचा बोळा घेऊन दुकानातल्या चांगल्या-भल्या टेपरेकॉर्डरचं हेड पुसत बसला. बराच वेळ पुसत होता. मी मात्र शिव्या घातल्या. ग्रेडरला, केंद्राला, कपाशीला, मामाला, सगळ्यांना. माझा कापूस त्यांनी खराब ठरवला तो ठरवला, पण जे आमचं होतं, ज्यावर कोणाचा भाव चालत नव्हता, तेही त्यांच्याच घशात जावं? याचं मला जे दुःख झालं ते मी आजही कोणाला बोलून दाखवू शकत नाही. गावात इतकं काही चाललेलं असताना एका कॅसेटसाठी रडणारा माणूस लोकांना येडाच वाटणार.

खरेदी पुन्हा सुरू झाली, आमचे कापूस पडेल त्या भावानं गेले, बाभळींवरचे पुंजके धुळीनं काळे पडले. एका शुक्रवारी दुपारी ग्रेडर साहेब स्वतः दुकानात आले. ढेकळांनी चेपलेला भोंगा, माइक, टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट, सगळं हातगाडीवर घालून आणलं होतं. भोंग्याचं काय ते बघून घ्या म्हणाले. आत आमची एक लाइव्ह कॅसेट वाजत होती. साहेब जायला वळले आणि थांबले. मान थोडी वाकडी करून ऐकायला लागले.

"लाइव्ह आहे ना हे?" ते म्हणाले. "आम्हीपण वाजवायचो. नागपूरला कॉलेजात असताना. वणीच्या क्लबात शेवटचं वाजवलं, मग नोकरी लागली."

जब्बारभाईच्या हातातला पेचकस तसाच राहिला. "बँड का नाम क्या था साहब?"

"टिन लँटर्न्स. तुम्हाला काय माहीत असणार?"

"बॉबी?" जब्बारभाई म्हणाला.

साहेब दचकले. बाळकृष्ण हे त्यांचं नाव आम्हाला माहीत होतं, पावत्यांवर सही असायची. पण बाळकृष्णाचा बॉबी होतो हे आम्हाला सुचलं नव्हतं. "हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?" ते म्हणाले. "माझ्या बायकोलाही माहीत नाही." आम्ही मामाचं, टेपचं सांगितलं, तसे ते जवळ आले. "त्या दिवसाची टेप आहे? अहो, मी स्वतःला वाजवताना कधी ऐकलेलंच नाही! एकदाही नाही." हा तोच शांत माणूस होता, आणि आता त्याचे शब्द एकमेकांवर पडत होते.

जब्बारभाईनं माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. हरवली म्हणून सांगू, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "आहे. बसा साहेब. लाव जब्बारभाई." माझी बायको म्हणते, तुम्ही असं करायला नको होतं. मी तेव्हाही हेच केलं असतं आणि आताही हेच करीन. रांगेत मी ऐकलं होतं, त्यांनीही ऐकावं.

साहेब बॉबीच्या खुर्चीत बसले. जब्बारभाईनं परत आलेली ती कॅसेट सुरुवातीला नेली आणि कळ दाबली. शेतकरी बंधूंना कळवण्यात येते की, खराब प्रतीचा माल येत असल्यामुळे. आधी त्यांना कळेचना. "हे तर माझं..." म्हणाले आणि थांबले. दारात लतीफ मान खाली घालून उभा होता. साहेबांनी कॅसेटची डबी हातात घेतली, तिच्यावरचं 'खराब' वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मैंने," जब्बारभाई म्हणाला. "सबसे अच्छी थी. कोई माँगे नहीं, इसलिए लिखा."

कॅसेट पुढं न ढकलता साहेबांनी सगळं ऐकलं, स्वतःचा आवाज, पुन्हा, पुन्हा, अर्धा तास. मग टाळ्या आल्या, शिट्टी आली आणि कळ खट्कन वर आली.

"शेवटचं कोणतं वाजवलं होतं मी?" त्यांनी विचारलं. "कसं झालं होतं?"

जब्बारभाईनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तोंडानं ती गिटार म्हणायला लागला. बोटानं टेबलावर ठेका धरून, जिथं तार फाटायची तिथं आवाज फाडून, सगळी. एक जागा चुकला नाही. मी खाली बघत होतो. संपल्यावर साहेबांनी मान हलवली. "नाही हो," ते म्हणाले. "इतकं काही नव्हतं ते. कच्चे होतो आम्ही. तारही उतरलेली होती. खराबच वाजवलं असणार." आणि बोलताना त्यांच्या दोन्ही हातांची बोटं मांडीवर काहीतरी धरून ओढत होती, रांगेत ओढायची तशीच.

जब्बारभाईला चिडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "साहब," तो म्हणाला, "यहाँ ग्रेड मत लगाओ. कापसाले लावली तेवढी पुरे झाली."

बाहेरून कापसाची एक गाडी चाकं करकरत गेली. साहेब उठले, डबी टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेले आणि माघारी वळून अगदी हळू म्हणाले, "मला याची एक कॉपी कराल का? ते माझं बोलणं नको. नुसत्या टाळ्या."

जब्बारभाईनं टेपमधून कॅसेट काढली. पेचकस उचलला आणि तिच्या पाठीवरच्या दोन्ही टिकल्या साहेबांच्या समोर तोडल्या. कट्, कट्. मग डबीत घालून फळीवर जागच्या जागी ठेवली.

"टाळ्या सुट्या मिळत नाहीत, साहेब," तो म्हणाला. "घ्यायची तर पूर्ण घ्या."

साहेब तसेच निघून गेले. पुण्याच्या पोराला मी काल जब्बारभाईचं हेच वाक्य कळवलं.